अंगणातल्या-बागेतल्या मशिनला एक्सटेन्शन वायर नक्की कुठली घ्यावी?

चिरेबंदी
नमस्कार मंडळी. थोडी घाई आहे म्हणून थेट विचारतो. आमचं घर राजापूर तालुक्यात, मी मुंबईला. चतुर्थीच्या आधी आठ दिवस गावी जाऊन साफसफाई करायची असते. अंगण, पायऱ्या, तुळशीचा कट्टा सगळं चिऱ्याचं, आणि पावसात शेवाळ इतकं धरतं की गेल्या वर्षी आई दोनदा घसरली. म्हणून यंदा १८०० वॅटचा प्रेशर वॉशर घेतलाय आणि गडग्याच्या कडेचं रान काढायला १२०० वॅटचा विजेवरचा ग्रासकटर. पडवीतल्या बोर्डापासून बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत, २८ मीटर भरतं, टेपने मोजलंय. घरात जे एक्सटेन्शन आहे ते गोल डबीत गुंडाळायचं, पातळ वायरचं, टू पिन टॉपवालं (टॉप म्हणजे प्लग). बाबा म्हणतात दरवर्षी मखराच्या लायटिंगला हेच चालतं मग याला काय झालं. बाबा ७१ वर्षांचे, अंगणात कायम अनवाणी असतात, आणि मी मुंबईला परतलो की मशीन तेच चालवणार हे मला माहितीये, त्यामुळे खरं सांगायचं तर मला वायरीपेक्षा त्यांची काळजी जास्त आहे. कुणी नीट सांगेल का काय घ्यायचं?

मीनल_ठाणे
वाचतेय. गच्चीवरच्या बागेत मीही असंच घरातलं स्पाइक गार्ड कुंड्यांच्या मधून फिरवते, आता भीती वाटायला लागली.

तारयंत्री
मीनलताई, ते स्पाइक गार्ड आजच आत न्या. ते कॉम्प्युटर-टीव्हीसाठी असतं, सॉकेट वर तोंड करून उघडे, एक शिंतोडा पुरे.

चिरेबंदी, वायरमनचं काम करून मला २२ वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आधी. मखराच्या एलईडी माळा सगळ्या मिळून १०० वॅटसुद्धा होत नाहीत, म्हणजे अर्धा अँपिअर पण नाही. तुमचा वॉशर १८०० भागिले २३०, म्हणजे जवळजवळ ८ अँपिअर. आणि वायर तापते ती करंटच्या वर्गाच्या हिशोबाने, करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. त्यामुळे लायटिंगला चालतं म्हणून वॉशरला चालेल असं नसतं.

आता आकडे. वायरीची जाडी स्क्वेअर एमएममध्ये, म्हणजे आतल्या तांब्याच्या क्षेत्रफळावर मोजतात. तांब्याच्या फ्लेक्सिबल वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला ०.७५ स्क्वेअर एमएमला २६ ओहम, १.५ ला १३.३, २.५ ला ८ च्या आसपास. ३० मीटर एक्सटेन्शन म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर. ८ अँपिअरला ०.७५ च्या वायरीत साडेबारा व्होल्ट पडतात आणि वायरीत १०० वॅट नुसती उष्णता होते. जुन्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बला हात लावून बघितला असेल तर कळेल. ती ३० मीटरवर पसरली तर निघून जाते, पण तीच वायर डबीत गुंडाळलेली असेल तर तो बल्ब तुम्ही डबीत कोंबून बंद केलात. आतलं पीव्हीसी मऊ होतं, एकमेकाला चिकटतं, मग शॉर्ट. अशा वितळून गोळा झालेल्या डब्या मी हाताने उघडल्यात. तुमच्या डबीतली वायर बहुतेक ०.७५ पेक्षाही पातळ असेल.

१.५ घेतलीत तर ६ व्होल्ट पडतात, २.५ ला ४ पेक्षा कमी. नुसत्या करंटच्या हिशोबाने १.५ पुरते. पण संध्याकाळी गावात व्होल्टेज १९० वर येत असेल तर मी २.५ घेईन, कारण तिथे एकेक व्होल्ट महत्त्वाचा असतो. ३० मीटरच्या पुढे अंतर असेल तर २.५ च, विचारच नको.

बाकी थ्री कोअर, म्हणजे आत फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तीन तारांची गोल वायर, आत तांबं. टॉप १६ अँपिअरचा, आणि लावायचा पॉवरच्या सॉकेटलाच, कारण साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा १३८० वॅट, तुमचा वॉशर त्याच्या वर आहे. कन्व्हर्टर लावून छोट्या सॉकेटमध्ये घालायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घराच्या टोकाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच. यावर वेगळं लिहितो, आत्ता साईटवर निघालोय.

कृष्णाकाठ
तारयंत्री दादांनी बरोबर सांगितलं, आमचं उदाहरण देतो. आमच्यात कडबा कुट्टीचं मशीन २ एचपी सिंगल फेज, गोठा घरापासून ४० मीटर. पहिल्यांदा १ एमएमची वायर टाकली, मशीन चालू करताना नुसतं हुंकारायचं, फिरायचं नाय, ढकलून द्यावं लागायचं पट्ट्याला हात लावून, आता आठवलं की अंगावर काटा येतो. दोन कपॅसिटर बदलले, मग वायंडिंग जळालं. रिवायंडिंगवाल्यानं विचारलं वायर कितीची आहे, सांगितलं तर म्हणाला मोटरीचा दोष नाही, सुरू होताना ती पाच-सहा पट करंट मागते आणि तुमची वायर तो देत नाही. ४ एमएम टाकली, त्या दिवसापासून बटण दाबलं की फिरतं. वायरीत वाचवलेले पैसे रिवायंडिंगला दोनदा गेले.

चिरेबंदी
खूप आभार. आज बाजारात जाऊन आलो. दुकानदार म्हणतो गोल वायर कशाला, सबमर्सिबलची चपटी केबल घ्या, ती बोअरमध्ये पाण्यात असते म्हणजे अंगणात काय होणार तिला. म्हणणं पटण्यासारखं वाटतंय. शिवाय त्याच्याकडे एक स्वस्त गोल वायर पण आहे, दिसायला डिट्टो २.५ सारखी जाड.

तारयंत्री
दोन्ही नको. कारण सांगतो.

चपटी केबल पाण्यात चांगली असते हे खरं, पण तिच्या आतल्या तीन तारा लाल, पिवळी आणि निळी. हिरवी नाही. आता तुम्ही लक्षात ठेवाल की पिवळी अर्थिंगला लावली, पण दोन वर्षांनी टॉप तुटला आणि गावातल्या दुसऱ्या कुणी बदलला, त्याने पिवळीला फेज धरलं, की मशिनच्या पत्र्यावर २३० व्होल्ट. हे कल्पनेतलं नाही, असं जोडलेलं मी स्वतः सुधारलंय. शिवाय चपटी वायर जमिनीवर ओढत नेली की पीळ पडतो आणि काठावर सोलते. बोअरमध्ये ती एकदा सोडली की हलत नाही, अंगणात रोज ओढली जाते, फरक तिथे आहे.

स्वस्त जाड वायरीचं म्हणाल तर जाडी बाहेरच्या प्लास्टिकची असते. कात्रीने टोक कापून बघा. तार नखाने किंवा ब्लेडने खरवडली आणि आतून पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. अ‍ॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि वाकवून वाकवून तारा आतल्या आत तुटतात. वायरीवर आयएसआय मार्क, आयएस ६९४ आणि सीएम/एल नंबर छापलेला असतो, तो बीआयएस केअर नावाच्या अ‍ॅपमध्ये टाकला की लायसन्स खरं आहे का ते समजतं. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम आहे. कंपनी कुठलीही घ्या, फिनोलेक्स, पॉलिकॅब, मला त्याचं काही नाही, छाप खरा पाहिजे.

बजेट असेल तर रबरी केबल मिळते, वेल्डिंगवाले-बांधकामवाले वापरतात ती. उन्हापावसात पीव्हीसीपेक्षा जास्त टिकते आणि ओढायला मऊ. पण जड असते, बाबांना झेपेल का बघा.

सुलभा_प
मी इथे फक्त वाचत असते, कधी लिहित नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या दिरांच्या बाबतीत झालेलं. विजेवरच्या करवतीने पडलेल्या फणसाच्या फांद्या तोडत होते. वायर पुरेना म्हणून दोन वायरी पिळून जोडल्या होत्या आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. रात्री पाऊस पडून गेला होता, तो जोड नेमका गवतात. करवतीला काही झालं नाही, ते वायर बाजूला करायला वाकले आणि जोडावर हात पडला. हात सुटेना. पुतण्या १२ वर्षांचा, त्याने हात धरून ओढलं नाही, घरात पळत जाऊन मेन स्विच पाडला. शाळेत कुणीतरी शिकवलं होतं त्याला. त्यामुळे आज दीर आहेत आणि तोही आहे. तळहातावर अजून व्रण आहे. एमसीबी होता घरात, तो पडला नाही. मला तेव्हापासून हेच समजत नाही की एमसीबी असून पडला का नाही? चिकटपट्टीच्या जोडावर विश्वास ठेवू नका हे सांगायला लिहिलं.

अभियंता_नाशिक
सुलभाताई, वाचून छातीत धस्स झालं. दीर वाचले हे फार मोठं. तुमच्या पुतण्याने केलं तेच बरोबर, आधी मेन बंद, मगच हात लावायचा, आणि श्वास चालत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करून १०८ ला फोन.

एमसीबी का पडला नाही ते सांगतो. एमसीबी वायरीला वाचवायला असतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या पुढे बराच करंट गेल्याशिवाय हलत नाही. माणसाच्या अंगातून १०० मिलिअँपिअर गेला तरी हृदय बंद पडू शकतं, म्हणजे एक दशांश अँपिअर. एमसीबीला तो दिसतच नाही. आरसीसीबी वेगळं बघते. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच ती मोजते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा कुठून तरी जमिनीत चाललाय, तर ती ३०० मिलिसेकंदांच्या आत तोडते, गळती मोठी असेल तर ४० च्या आत. झटका बसतो, पण हात सुटतो.

पातळ लांब वायरीचा आणखी एक धोका आहे. समजा टोकाला शॉर्ट झाला. ३० मीटर ०.७५ ची वायर म्हणजे दीड ओहम, आणि ट्रान्सफॉर्मर लांब असेल तर गावच्या लाइनचा आणखी एखादा ओहम धरा. २३० भागिले अडीच, म्हणजे ९२ अँपिअरच फक्त जातो. सी टाइपचा (मोटरीच्या लोडला लावतात तो) १६ चा एमसीबी झटकन पडायची खात्री १६० अँपिअरला. म्हणजे तो काही सेकंद विचार करत बसतो आणि तोवर वायर पेटते. म्हणून लांब वायरीला जाडी लागते, नुसती मोटर नीट फिरावी म्हणून नाही.

परसबाग
पण आमच्यासारख्या जुन्या घरात अर्थिंगच नाही, सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात वायरच जोडलेली नाही. कातळावर घर, खड्डा मारला तरी उन्हाळ्यात कोरडा. मग आरसीसीबी लावून उपयोग काय? आमचा वायरमन म्हणाला अर्थिंग नसेल तर ती चालत नाही.

तारयंत्री
हा गैरसमज आमच्या धंद्यातल्याही खूप जणांचा आहे. आरसीसीबीला काम करायला अर्थिंग लागत नाही. अर्थिंग असेल तर मशिनच्या पत्र्यावर करंट आला त्याच क्षणी ती पडते, कुणी हात लावायच्या आधी. अर्थिंग नसेल तर माणसाने हात लावल्यावर पडते. झटका बसेल पण जीव वाचायची शक्यता खूपच जास्त. म्हणजे अर्थिंग नसलेल्या घराला तर ती जास्त गरजेची. आणि अर्थिंगही करून घ्याच, कातळ असेल तर एका रॉडने भागत नाही, दोन-तीन रॉड अंतर ठेवून मारून जोडायचे, जिथे बारमाही ओल असते तिथे, विहिरीकडे किंवा न्हाणीचं पाणी जातं त्या बाजूला.

एक मात्र, आरसीसीबी ओव्हरलोड बघत नाही आणि एक हात फेजला एक न्यूट्रलला लागला तर तिला काही कळत नाही. म्हणून जोडीला एमसीबी, किंवा दोन्ही एकात असलेली आरसीबीओ. चिरेबंदी, तुम्ही असं करा: छोट्या प्लास्टिक बॉक्समध्ये १६ अँपिअरची ३० मिलिअँपिअरवाली आरसीबीओ, तिच्यातून पुढे एक्सटेन्शन. बॉक्स पडवीत भिंतीला, बाहेरच्या टोकाला नाही. बाहेर लावली तर मधली २८ मीटर वायर उघडीच राहिली. घेताना ३० चीच मागा, १०० आणि ३०० मिलिअँपिअरच्या पण मिळतात, त्या आगीपासून वाचवायला असतात, माणसाला नाही. महिन्यातून एकदा तिच्यावरचं टी (टेस्ट) लिहिलेलं बटण दाबून पाडून बघायची.

जर्सीकर
इथे न्यू जर्सीत दर फॉलला पानं उडवायला लीफ ब्लोअर काढतो म्हणून थोडं लिहितो. इथे १२० व्होल्ट असल्यामुळे तेवढ्याच वॅटला करंट जवळपास दुप्पट, त्यामुळे वायरीच्या जाडीबद्दल लोक जास्त जागरूक. १२ अँपिअरच्या ब्लोअरला १०० फूट वायर हवी तर १४ गेज, शक्यतो १२ गेज. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हे भारतातून आलेल्याला पहिल्यांदा उलटं वाटतं. बाहेर वापरायच्या वायरीवर डब्ल्यू अक्षर छापलेलं असतं, म्हणजे उन्हापावसाला चालणारी. आणि घराबाहेरच्या सॉकेटला जीएफसीआय (इथली आरसीसीबीच म्हणा) असतोच, तो ५ मिलिअँपिअरच्या आसपास तुटतो. गेल्या महिन्यात गावी आईकडे होतो तेव्हा भाच्याने टू पिन टॉप थ्री पिनच्या सॉकेटात घालायला अर्थिंगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घातलेला बघितला, आणि शेजारी नळ चालू. त्याला जवळ बसवून समजावलं की त्या भोकाने आतलं झाकण उघडतं ते कशासाठी ठेवलंय.

मीनल_ठाणे
ग्रासकटरला टू पिनच टॉप का देतात मग? माझ्या छोट्या ट्रिमरला पण टू पिनच आहे.

तारयंत्री
नेमप्लेटवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल बघा. म्हणजे डबल इन्सुलेशन, बाहेर प्लास्टिक, आतल्या वायंडिंगला वेगळं आवरण, त्याला अर्थिंग लागत नाही. पण एक्सटेन्शन थ्री कोअरच घ्यायचं, कारण उद्या त्यालाच पत्र्याचं मशीन लागणार. आणि डबल इन्सुलेशन म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे, पाऊस पडताना किंवा ओल्या गवतात ट्रिमर चालवू नका.

कृष्णाकाठ
दादा एक विचारायचं राहिलं. गणपतीत लाईट गेली की आमच्याकडं पोरं जनरेटर लावतात आणि दोन्हीकडं टॉप असलेली वायर करून घरच्या बोर्डात घालतात. अख्खं घर चालतं त्यावर. हे बरोबर आहे का?

तारयंत्री
नाही. हात जोडून सांगतो, ती वायर आजच कापून टाका. एक टोक सॉकेटात आहे आणि दुसरं निसटलं तर उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट, मुलाचा हात जायला वेळ लागत नाही. आणि मेन बंद करायला विसरले तर करंट उलटा लाइनवर जातो, ट्रान्सफॉर्मर त्याचं व्होल्टेज चढवतो, आणि लाईट गेली म्हणून खांबावर चढलेला लाइनमन तिथे मरतो. माझा एक सहकारी असा गेला. चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, तो एका वेळी लाइन नाहीतर जनरेटर एकच जोडतो. तोवर जनरेटरच्या सॉकेटवरूनच एक्सटेन्शनने लायटिंग चालवा, घरच्या बोर्डाला लावू नका.

चिरेबंदी
गावाहून लिहितोय. तारयंत्री दादांच्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. २.५ ची थ्री कोअर गोल तांब्याची वायर, ३० मीटर एकसंध, मध्ये कुठेही जोड नाही. सीएम/एल नंबर दुकानातच तपासला, पहिल्या दुकानातल्या वायरीचा निघालाच नाही म्हणून दुसरीकडून घेतली. पडवीत आरसीबीओचा बॉक्स. टोकाला झाकणवालं आयपी ४४ चं सॉकेट.

पहिल्या दिवशी मस्त चाललं, तुळशीचा कट्टा इतका स्वच्छ झाला की आईने लगेच रांगोळी काढली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासाने आरसीबीओ पडली. उचलली, परत पडली. बाबा म्हणाले ती काढ, थेट लाव, काम अडलंय. मी हो म्हणणारच होतो, आणि सुलभाताईंची पोस्ट आठवली. टॉप काढून टोकाचं सॉकेट उघडलं तर आत पाणी. मी ते पायरीवर ठेवलं होतं आणि वॉशरचा फवारा सरळ त्याच्यावर गेला होता. आणि बाबा त्या पायरीपासून चार हातांवर अनवाणी उभे होते. त्यांना उघडून दाखवलं. काही बोलले नाहीत, आत जाऊन पावसाळी रबरी बूट घालून आले.

आता सॉकेट सुकवलंय. पुढे काय काळजी घ्यायची? आणि काम झाल्यावर वायर कुठे ठेवू, घरात उंदीर आहेत.

तारयंत्री
बरं झालं काढली नाहीत.

आयपी ४४ म्हणजे शिंतोडे सोसेल, वॉशरचा जेट नाही. सॉकेट जमिनीवर ठेवायचंच नाही. शेवग्याच्या नाहीतर पेरूच्या फांदीला कमरेच्या वर टांगा, फवाऱ्याच्या पाठीमागे. वायर सॉकेटात जाण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून येणारं पाणी झोलावरून टिपकेल, सॉकेटात शिरणार नाही. सुकवलंय म्हणालात तरी आतले स्क्रू हिरवट झाले असतील तर सॉकेट बदला. बदलताना बाहेरचं काळं आवरण क्लॅम्पमध्ये आलं पाहिजे, नुसत्या आतल्या तारा नाही, आणि हिरवी तार बाकी दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवा. कधी वायर ओढली गेलीच तर फेज आधी सुटेल आणि अर्थिंग सगळ्यात शेवटी. तारांच्या टोकांना पिन लग (दाबून बसवायची धातूची टोपी) लावा, शिशाने डाग देऊ नका, स्क्रूखाली शिसं दबत जातं आणि जोड सैल होऊन तापतो.

वापरताना पूर्ण सोडायची, वेटोळं ठेवायचं नाही. दारातून नेताना फटीत चेपू देऊ नका, आणि ग्रासकटर चालवताना वायर खांद्यावरून पाठीमागे, पात्याच्या बाजूला कधीच नाही.

उंदरांसाठी मी पत्र्याचा जुना तेलाचा डबा वापरतो, झाकणाचा. मोठी सैल वेटोळी करून त्यात. आणि पुढच्या वर्षी काढलीत की आधी सगळी वायर सुक्या हाताने, टॉप न लावता, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटातून सरकवून बघा. कुठे खरखरीत लागलं, दात लागलेले दिसले, मऊ झालेलं वाटलं तर तिथे चिकटपट्टी नाही, तिथून कापून दोन छोटी एक्सटेन्शन करा.

चिरेबंदी
डबा मिळाला, माळ्यावर होता. बाबांनीच धुऊन वाळत ठेवलाय.